इंधनावाचून चालणारे चाक

सदर : व्यवहार आणि विज्ञान

१७७५ साली पॅरिसच्या रॉयल अकादमीने, म्हणजे फ्रान्समधील विद्वानांच्या सर्वोच्च सभेने, एक ठराव संमत केला. वर्तुळाचे चौरसीकरण, कोनाचे त्रिभाजन आणि घनाचे द्विगुणन या तीन जुन्या कूटप्रश्नांची उत्तरे सापडल्याचे दावे यापुढे तपासावयाचे नाहीत, आणि त्यांच्याच जोडीने शाश्वत गतीच्या यंत्राचे कोणतेही निवेदन स्वीकारावयाचे नाही, असा तो ठराव होता. असे यंत्र अशक्य आहे हे तर अकादमीने सांगितलेच. परंतु त्यापुढे तिने जे कारण नोंदविले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. हा नाद खर्चिक आहे, त्यापायी एकाहून अधिक कुटुंबे धुळीस मिळाली आहेत आणि समाजाच्या मोठ्या उपयोगी पडले असते अशा कारागिरांनी आपला पैसा, काळ आणि बुद्धी त्यात घालविली आहे, अशा आशयाची ती नोंद आहे. भौतिकशास्त्राच्या निवाड्यात कुटुंबांची आठवण ठेवणारे ते लोक मोठे व्यवहारी असले पाहिजेत.

हा अडीचशे वर्षांपूर्वीचा ठराव आज उकरून काढण्याचे कारण एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांच्या घरी तीन पिढ्यांचे किराणा व भुसार मालाचे दुकान आहे. समाजातीलच एका परिचित गृहस्थांनी 'इंधनमुक्त जनरेटर' तयार केला असून तालुक्याच्या एजन्सीसाठी पाच लाख रुपये अनामत मागितली आहे. मोठ्या दिरांनी प्रात्यक्षिक पाहिले. मोटार फिरते, जड चाक फिरते, दिवे लागतात, आणि भिंतीतील वीज बंद केली तरी ते लागलेलेच राहतात. पत्रात शेवटी त्या लिहितात, की मी शास्त्र शाखेत शिकले आहे, मला हे पटत नाही, परंतु घरात बोलले तर शुभकार्यात अपशकुन केल्यासारखे होईल. आणि गृहस्थ तर आपल्यातलेच आहेत.

'आपल्यातलेच आहेत' या दोन शब्दांकडे पुढे वळू. आधी एका परक्या शहरातील हकीकत.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जॉन कीली नावाचा एक इसम होता. विज्ञानाचे रीतसर शिक्षण नाही, परंतु हात कुशल आणि वाणी त्याहून कुशल. १८७२ च्या सुमारास त्याने जाहीर केले, की पाण्यात आणि हवेत दडलेली एक अज्ञात सूक्ष्म शक्ती आपण कंपनांच्या साहाय्याने मुक्त करू शकतो. त्याच्या एका यंत्राचे नाव 'हायड्रो-न्यूमॅटिक-पल्सेटिंग-व्हॅक्यूओ-इंजिन' असे होते. नाव उच्चारण्यातच ऐकणाऱ्याचा दम निघून जावा, प्रश्न विचारण्यास तो उरू नये, अशी सोय. १८७४ च्या नोव्हेंबरमधील प्रात्यक्षिकात त्याने यंत्राच्या नळीत काही वेळ फुंकर घातली, मग तिच्यातूनच पाच गॅलन साधे पाणी ओतले, काही खुंट्या फिरविल्या, आणि दाबमापकाचा काटा चौरस इंचाला दहा हजार पौंडांवर गेला. जाड दोर तुटले, लोखंडी सळया वाकल्या. समोर बसलेल्या धनिकांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. न्यूयॉर्कमध्ये 'कीली मोटर कंपनी' स्थापन झालेली होतीच. भागभांडवल दहा लाख डॉलरच्या घरात गेले.

भाग घेणारी मंडळी भोळीभाबडी नव्हती. त्यांत व्यापारी होते, सराफी धंद्यातले होते, इंजिनिअरही होते. दरसाल भागधारकांची सभा भरे; दरसाल कीली सांगे, की शेवटची एक अडचण दूर होताच यंत्र बाजारात येईल. पुढे त्या यंत्राची जागा दुसऱ्या यंत्राने घेतली, शक्तीचे नाव बदलले, जोडीला ट्यूनिंग फोर्क आणि तंतुवाद्ये आली. स्वर छेडला की यंत्र हलू लागे. कंपनीचे लोक कंटाळून हात आखडता घेऊ लागले, तेव्हा त्याला क्लारा ब्लूमफील्ड मूर या श्रीमंत विधवेचा आधार मिळाला. त्या कागदाच्या एका मोठ्या कारखानदाराच्या पत्नी. स्वतः लेखिका, विदुषी, उदार मनाच्या. त्यांनी वर्षानुवर्षे त्याचा खर्च चालविला. कीलीचे कार्य हे केवळ यंत्र नसून विश्वाचे रहस्य आहे अशी त्यांची श्रद्धा होती, आणि तसे त्यांनी लिहिलेही. १८८८ साली न्यायालयाने यंत्राचे गुपित उघड करण्याचा हुकूम दिला, तो न पाळल्यामुळे कीली काही दिवस तुरुंगात गेला. सामान्यतः यामुळे माणसाची पत जाते. येथे तो हुतात्मा ठरला.

अखेरीस मूरबाईंनीच जाणकारांकडून तपासणी करविली. ॲलेक्झांडर स्कॉट नावाच्या विद्युत इंजिनिअरला संशय आला, की ज्या तारेतून ती सूक्ष्म शक्ती वाहते असे म्हणतात ती तार नसून पोकळ नळी आहे आणि तिच्यातून दाबलेली हवा येते. त्याने सुचविले, की तार मध्येच कापून पाहू. कीलीने नकार दिला. कोणाचे तत्त्वज्ञान खोडून काढण्याची किंवा गणिते मांडण्याची येथे गरजच पडली नाही. एक तार कापण्याची परवानगी पुरे होती.

कीली १८ नोव्हेंबर १८९८ रोजी वारला. पाठोपाठ जानेवारीत मूरबाईही गेल्या. त्यांचे पुत्र क्लॅरेन्स मूर यांनी ती प्रयोगशाळेची इमारत भाड्याने घेतली आणि विद्यापीठातील प्राध्यापक व इंजिनिअर यांना बरोबर घेऊन तेथील जमीन उखडली. तळघरात सुमारे तीन टन वजनाचा एक पोलादी पोकळ गोल निघाला. भिंतींतून आणि फरशीखालून नळ्या गेलेल्या होत्या. काही इतक्या बारीक की दुरून तारच वाटावी. दाबलेल्या हवेचा साठा तळघरात आणि चमत्कार वरच्या मजल्यावर, अशी ती व्यवस्था असल्याचे तपासणाऱ्यांचे मत पडले. कीलीच्या अनुयायांनी हे मानले नाही. तो गोल जुन्या, सोडून दिलेल्या प्रयोगांतील आहे असे ते म्हणत राहिले. परंतु सव्वीस वर्षांत त्या कंपनीने विकता येईल असे एकही यंत्र बाहेर काढले नाही, ही गोष्ट त्यांनाही नाकारता आली नाही.

त्याच शहरात साठ वर्षे आधी चार्ल्स रेडहेफर नावाच्या माणसाने हाच खेळ मांडला होता. १८१२ साली त्याने स्वयंचलित चाकाचे प्रदर्शन केले आणि सरकारी साहाय्यही मागितले. तपासणीस आलेल्या मंडळींना यंत्राजवळ जाऊ दिले नाही. परंतु दातेरी चाकांचे दाते भलत्या बाजूने झिजलेले आहेत हे त्यांच्या ध्यानी आले. म्हणजे ज्या चाकाने दुसऱ्याला फिरवावयाचे तेच दुसऱ्याकडून फिरविले जात होते! पुढे न्यूयॉर्कमध्ये आगबोटीचे प्रसिद्ध निर्माते रॉबर्ट फुल्टन ते पाहावयास गेले. चाकाची गती कमीजास्त होते आहे, हे त्यांच्या कानांनी टिपले. त्यांनी यंत्रालगतच्या भिंतीची एक पातळ फळी काढली, तर तातीचा एक पट्टा माळ्यावर गेलेला दिसला. वर एक दाढीवाला म्हातारा एका हाताने पाव खात दुसऱ्या हाताने दांडा फिरवीत बसला होता. मला या म्हाताऱ्याची नेहमी कीव येते. साऱ्या प्रकरणात खरे काम करणारा तेवढा तोच.

विद्वान फसत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. जर्मनीत बेसलर नावाच्या संशोधकाचे चाक १७१७ साली कासेलच्या संस्थानिकाने किल्ल्यातील खोलीत मोहोरबंद करून ठेवले; चौपन्न दिवसांनी दार उघडले तेव्हाही ते फिरत होते. लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक ग्राव्हेसांडे यांनी ते बाहेरून तपासले आणि आत कोठून शक्ती येते असे त्यांना दिसले नाही. आपले रहस्य फुकटात काढून घेण्याचा डाव आहे असे म्हणून बेसलरने चाक स्वतःच फोडून टाकले. काही वर्षांनी त्याच्या मोलकरणीने सांगितले, की शेजारच्या खोलीतून ते चाक आम्ही घरातलेच आळीपाळीने फिरवीत होतो. निसर्ग कोणाला चकवीत नाही. त्यामुळे निसर्गाचा अभ्यास करणाऱ्याला चकविणाऱ्या माणसाची सवय नसते. या कामी प्राध्यापकापेक्षा मापात आणि मालात खोट ओळखणारा दुकानदार अधिक उपयोगी.

आता यंत्र का चालत नाही ते पाहू. यास मोठे शास्त्र लागत नाही. रोजमेळ लिहिता येणे पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी जो नियम सिद्ध केला तो इतकाच, की ऊर्जेच्या खात्यात जमेवाचून खर्च पडत नाही. पत्रातील जनरेटर घ्या. मोटार जड चाकाला फिरविते, चाक जनित्राला फिरविते, जनित्र वीज देते, त्या विजेतला काही भाग पुन्हा मोटारीला जातो आणि उरलेली वीज आपली, असा दावा. मोटार उत्तम असली तर तिला दिलेल्या १०० भागांतले ९० भाग फिरण्याच्या रूपाने परत मिळतात. दहा उष्णतेत जातात, हात लावून पाहिले तर मोटार गरम लागते. जनित्रही तितकेच उत्तम धरले तर ९० चे ८१ होतात. ते ८१ पुन्हा मोटारीला दिले की दुसऱ्या फेरीअखेर ६६, तिसऱ्या फेरीअखेर ५३. आपला वाटा काढावयाचा तो यातून! रुपयांचे डॉलर करावयाचे, डॉलरचे पुन्हा रुपये करावयाचे, दोन्ही वेळा सराफाने वटाव कापावयाचा, आणि अशा फेऱ्या वाढवून श्रीमंत व्हावयाचे, असा कोणी धंदा सुचविला तर मोठे दीर त्याला दुकानाची पायरी चढू देणार नाहीत.

'पण ते जड चाक शक्ती वाढविते' असे सांगितले जाते. जड चाक ही तिजोरी आहे. त्यात ठेवलेले परत मिळते, तेही घर्षणाची घट वजा जाता. तिजोरी व्याज देत नाही. भिंतीतील वीज बंद केल्यावर दिवे काही मिनिटे लागलेले राहतात ते या ठेवीतून, आणि तासभर राहिले तर पेटीत कोठेतरी बॅटरी आहे असे समजावे.

हा मोह फक्त पाश्चात्त्यांचा नव्हे. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने आणि ११५० साली भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त, पाऱ्याने अर्धवट भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या चाकाचे वर्णन केले आहे. ते आपोआप फिरत राहते असे म्हटले आहे. भास्कराचार्य आपल्या फार जवळचे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचा त्यात उल्लेख आहे. व्याज, मिश्रण आणि मालाची अदलाबदल यांची गणिते ज्या 'लीलावती'त आहेत तिचाही कर्ता हाच. कल्पना अशी, की उतरत्या बाजूला पारा बाहेरच्या टोकाकडे वाहतो, चढत्या बाजूला आत येतो. म्हणून उतरती बाजू सदैव जड. तराजूचे तत्त्व जाणणाऱ्याला हे क्षणभर पटते. दांडीच्या टोकाशी ठेवलेले थोडे वजन मध्याजवळच्या जास्त वजनाला तोलते हे खरेच. परंतु पारा बाहेर गेलेल्या बाजूला असे आरे थोडे असतात आणि आत आलेल्या बाजूला अधिक. सर्वांची बेरीज केली की पारडी सम होतात आणि चाक थांबते. ज्यांनी शून्याच्या आणि अनंताच्या गणिताला हात घातला त्यांनी ही बेरीज का करून पाहिली नाही, हा विचार मनात येतो. थोरवी कमी होत नाही. परंतु 'आपल्या ग्रंथात आहे' एवढ्या आधारावर आज कोणी यंत्र विकू लागला तर तो आधार पुरणार नाही.

इंधनावाचून काहीच चालत नाही असेही नाही. अठराव्या शतकात लंडनच्या जेम्स कॉक्सने किल्ली न देता चालणारे घड्याळ बनविले. आत भरपूर पारा होता. हवेचा दाब रोज कमीजास्त होतो, त्याने पारा हले आणि घड्याळाला चावी मिळे. ते आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, पारा काढलेले आणि म्हणून बंद. आपल्या गोदामाच्या छपरावरील सौर पट्ट्या, साताऱ्याच्या पठारावरील पवनचक्क्या या त्याच जातीच्या. त्यांचा खर्च सूर्य भरतो, आणि विकणारा तसे उघड सांगतो. रात्री सौर पट्टी वीज देत नाही, हे कोणी लपवीत नाही. खऱ्या यंत्राला मर्यादा असतात आणि त्या माहितीपत्रकात छापलेल्या असतात. माझ्या मते ओळखण्याची ही फार चांगली खूण आहे.

'विमानालाही लोक हसले होते' हे वाक्य अशा बैठकीत हटकून ऐकू येते. राइट बंधूंचे विमान १९०३ साली उडाले ते पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनावर. कोणताही नियम मोडून नव्हे. १९०८ साली फ्रान्समध्ये विल्बर राइट हजारो लोकांदेखत उडाला, तेव्हा हसणारे गप्प झाले. पाच वर्षांत प्रश्न मिटला. याच्या उलट, आयर्लंडच्या स्टिऑर्न कंपनीने २००६ साली लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकात जाहिरात देऊन शास्त्रज्ञांनाच आव्हान दिले. बावीस जणांचे परीक्षक मंडळ नेमले गेले. दरम्यान २००७ मधील जाहीर प्रात्यक्षिक ऐनवेळी रद्द झाले. दिव्यांच्या उष्णतेने यंत्र बिघडले असे कारण देण्यात आले. २००९ साली मंडळाने एकमताने कळविले, की कंपनीने ऊर्जानिर्मिती दाखविलेली नाही. तरीही कंपनी पुढे सात वर्षे चालली आणि गुंतवणूकदारांचे सुमारे दोन कोटी तीस लाख युरो संपल्यावर गुंडाळली गेली.  इंटरनेट होते, परीक्षकांचा निकाल जाहीर होता, तरी.

आपल्या देशात कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये पहिलीच तरतूद अशी आहे, की प्रस्थापित निसर्गनियमांशी उघड विसंगत असा दावा शोध मानला जाणार नाही. तेव्हा माहितीपत्रकावर 'पेटंट अर्ज क्रमांक' ठळक छापलेला असेल तर तो अर्ज दिल्याच्या पोचपावतीचा क्रमांक आहे, मंजुरीचा नव्हे, हे ध्यानात घ्यावे. अर्ज कोणीही देऊ शकतो.

आता त्या दोन शब्दांकडे. 'आपल्यातलेच आहेत' म्हणून आपण लिखापढी टाळतो, आणि बुडाल्यावर 'आपल्यातलेच आहेत' म्हणूनच तोंड मिटतो. ज्याचा पैसा गेला तो अब्रूसाठी बोलत नाही, त्यामुळे पुढच्या गावात तेच प्रात्यक्षिक नव्या माणसांसमोर होते. अशा संशोधकांना सरसकट ठग म्हणण्याची माझी तयारी नाही. पुष्कळसे स्वतःच फसलेले असतात. मापाचे चुकीचे यंत्र वापरून मिळालेल्या आकड्यावर त्यांचा प्रामाणिक विश्वास बसलेला असतो. पण पाच लाख रुपये प्रामाणिक माणसाने बुडविले काय किंवा ठगाने बुडविले काय, खतावणीत रक्कम तीच लिहावी लागते.

म्हणून भगिनी, आपण घरात 'नाही' म्हणू नये, हिशेब विचारावा. आपले यंत्र पाच किलोवॉटचे आहे असे ते म्हणत असतील. दिवसाचे चोवीस तास चालले तर १२० युनिट. आठ रुपये दराने ९६० रुपये रोज, वर्षाचे साडेतीन लाख. ज्याच्याजवळ असे एक यंत्र आहे त्याला दीड वर्षात आपली अनामत रक्कम घरबसल्या मिळते, आणि ज्याच्याजवळ तीन आहेत त्याला चौथ्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. मग एजन्सीची अनामत कशासाठी? हा प्रश्न मोठ्या दिरांनी नम्रपणे विचारावा. त्यात कोणाचा अपमान नाही.

उत्तर समाधानकारक वाटले तर एक आठवड्याची चाचणी मागावी. यंत्र त्यांच्या जागेत नव्हे, आपल्या गोदामात ठेवावे. ते जमिनीपासून उचलून लाकडी घोडीवर ठेवावे, म्हणजे खालून काही आलेले दिसेल. त्याला एक किलोवॉटचा साधा हीटर आणि मध्ये सीलबंद मीटर जोडावा. आठवड्याचे १६८ युनिट होतात. घरच्या इन्व्हर्टरची नेहमीची बॅटरी सुमारे १.८ युनिट साठविते, म्हणजे चोरून एवढी वीज पुरवावयाची तर नव्वदाहून अधिक बॅटऱ्या लागतील. एकेक पन्नास किलोंहून जड. त्या कोणत्याही पेटीत लपणार नाहीत. खोलीला दोन कुलुपे, एक किल्ली त्यांची, एक आपली. वीज मंडळातून निवृत्त झालेला एखादा तंत्रज्ञ गावात असतोच, त्याला साक्षीला बसवावे. चाचणी यशस्वी झाली तर त्याच दिवशी अनामत देऊ, असे स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावे.

माझा अंदाज असा, की यंत्राची वाहतूक अवघड आहे, एक भाग मुंबईहून यावयाचा आहे, किंवा एवढा अविश्वास असेल तर व्यवहार नको, यांपैकी काहीतरी ऐकू येईल. तसे झाले तर रागावू नये. चहा देऊन निरोप द्यावा, आणि त्यांनी ज्या इतर घरांची नावे 'हेही आपल्याबरोबर आहेत' म्हणून सांगितली असतील त्या घरी दिरांकडून एकेक फोन करवून आपल्या अटी काय होत्या आणि उत्तर काय आले तेवढे कळवावे.